यादीबाहेरचा गडी

साहित्याच्या अभ्यासकाला निवड हा विषय परका नाही. अभ्यासक्रमात कोणती कादंबरी लावायची, प्रातिनिधिक संग्रहात कोणाच्या कविता घ्यायच्या, संमेलनाच्या व्यासपीठावर कोणाला बोलवायचे, या प्रश्नांवर आपल्याकडे पुष्कळ वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत. मात्र हे वाद बहुधा यादी जाहीर होईपर्यंत आणि त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस चालतात. यादीत नाव नसलेल्या माणसाचे पुढे काय होते, त्याला किती वेळा आत डोकावता येते आणि आत आल्यावर त्याला कसे वागवले जाते, याकडे आपण सहसा वळत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही येथे एक लांबचे उदाहरण घेणार आहोत. ते आहे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे, आणि त्यातही 'कॉर्नरबॅक' या जागी खेळणाऱ्या, कोणीही न निवडलेल्या नवख्या खेळाडूचे. लांबच्या उदाहरणात आपले कोणी गुंतलेले नसते, त्यामुळे यंत्रणा कशी चालते ते स्वच्छ दिसते.

ज्या वाचकांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात धरून अथवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यायचा, असा हा अंगाला अंग भिडवणारा खेळ आहे. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. महाविद्यालयांतून खेळून आलेले तरुण या संघांमध्ये वाटून घेण्याची रीत १९३६ साली सुरू झाली. ती बर्ट बेल यांची कल्पना. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आयपीएलच्या लिलावात बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. मागच्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. दुबळ्याला आधी निवडू द्यावे म्हणजे स्पर्धा जिवंत राहील, असा त्यामागचा विचार. १९५२ साली या निवडीच्या ३० फेऱ्या होत्या. त्या कमी होत होत १९९४ पासून सातच उरल्या. २०२५ साली या सात फेऱ्यांत २५७ खेळाडू निवडले गेले. सर्वांत शेवटी निवडल्या जाणाऱ्याला १९७६ पासून 'मिस्टर इर्रेलव्हंट', म्हणजे 'श्रीयुत बिनमहत्त्वाचे', असे गमतीचे बिरूद देतात आणि त्याचा हौसेने सत्कारही करतात. पण बिनमहत्त्वाचा ठरण्यासाठीसुद्धा यादीत असावे लागते. ज्याचे नाव त्या २५७ मध्ये नाही त्याला बिरूद नाही आणि सत्कारही नाही. त्याच्यासाठी एक नकारार्थी विशेषण तेवढे आहे, 'अनड्राफ्टेड'. काय झाले नाही एवढेच ते सांगते.

आता गणित पाहू. शेवटचे नाव पुकारले जाते न जाते तोच यादीबाहेर राहिलेल्यांचे फोन वाजू लागतात आणि प्रत्येक संघ अशा अनेकांना करारबद्ध करतो. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. सातव्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला, ज्याने निवडले त्याच्याच दारी जावे लागते. न निवडलेल्याला मात्र, एकाहून अधिक संघांनी विचारले तर, दार निवडता येते. त्याचा जाणता प्रतिनिधी अशा वेळी पैशांपेक्षा एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे कोणत्या संघात त्याच्या जागेवर माणसे कमी आहेत. हे स्वातंत्र्य खरे आहे, पण ते फार थोडे आहे. उन्हाळी सराव शिबिरात प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी ते ५३ वर आणावे लागतात. म्हणजे प्रत्येक संघातून ३७, आणि ३२ संघांचे मिळून ११८४ जण ऑगस्टच्या अखेरीस घरी जातात. अलीकडे ही कापणी एकाच मुदतीत होते. सकाळी मैदानावर शेजारी उभे असलेले दोघे संध्याकाळी एक जात्यात आणि एक सुपात अशा स्थितीत असतात.

या ११८४ जणांपैकी काहींना उंबरठ्यावर जागा मिळते. नवख्याला कमी केले की इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगण्यासाठी थोडा अवधी असतो. कोणी हक्क सांगितला नाही तर त्याला 'प्रॅक्टिस स्क्वॉड'मध्ये, म्हणजे सरावापुरत्या गटात, घेता येते. २०२० पासून या गटात साधारणपणे १६ जण ठेवता येतात. त्यापूर्वी ही संख्या बरीच कमी होती. हे खेळाडू आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतात, म्हणजे मुख्य संघाला सराव व्हावा म्हणून शत्रूची सोंगे घेतात. त्यांना आठवड्याच्या हिशेबाने पैसे मिळतात आणि आठवडाभरात काढूनही टाकता येते. आपल्या शिक्षणक्षेत्रातील तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज पडू नये.

कॉर्नरबॅकच्या बाबतीत हे गणित आणखी अरुंद होते. ५३ जणांच्या संघात या जागेचे बहुधा पाच-सहा खेळाडू असतात. त्यांपैकी तीन-चार नावे शिबिर सुरू होण्यापूर्वीच ठरलेली असतात. कोणी पहिल्या फेरीत निवडलेला, कोणी मोठ्या रकमेवर आणलेला. नव्वदांतून त्रेपन्न हे प्रमाण कानाला उदार वाटते, पण यादीबाहेरच्या गड्यासाठी ते खरे नसते. त्याची स्पर्धा उरलेल्या एका किंवा दोन जागांसाठी, स्वतःसारख्याच चार-पाच जणांशी असते. त्यात २०२१ पासून हंगामपूर्व सामने चाराचे तीन झाले. या सामन्यांत मोठे खेळाडू थोडा वेळ खेळून बाजूला होतात आणि उत्तरार्धात नवख्यांना संधी मिळते. म्हणजे जेथे स्वतःला दाखवायचे त्या खिडक्याच एकाने कमी झाल्या.

हा कॉर्नरबॅक करतो काय? प्रतिपक्षाचा 'रिसीव्हर', म्हणजे चेंडू झेलण्यासाठी धावणारा गडी, त्याच्या समोर उभा असतो. आपण कोठपर्यंत धावणार, कोठे वळणार, चेंडू कधी येणार, हे रिसीव्हरला ठाऊक असते. कॉर्नरबॅकला यातले काहीही ठाऊक नसते. त्याने उलट्या पावली धावत, समोरच्याच्या कमरेकडे आणि पावलांकडे पाहत, तो पुढे काय करणार हे ओळखायचे असते. त्यातही १९७८ साली झालेल्या नियमबदलानंतर पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देण्याची मुभा त्याला उरली नाही. प्रत्येक नियम समोरच्याच्या सोयीचा आणि चूक झाली तर ती उघड्या मैदानात, एकट्याच्या नावावर. मधल्या गर्दीत खेळणाऱ्या खेळाडूची चूक दहा जणांच्या घोळक्यात लपून जाते. कॉर्नरबॅकची चूक प्रेक्षागृहातील शेवटच्या रांगेलाही दिसते. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याला वाचक समजावे. लेखकाला शेवट ठाऊक असतो. वाचकाला खुणांवरून अंदाज बांधत जावे लागते. फरक एवढाच की या वाचकाला पान उलटून मागे जाता येत नाही.

शिवाय नवख्या गड्याला केवळ हे काम येऊन भागत नाही. पाचव्या-सहाव्या क्रमांकाचा कॉर्नरबॅक मुख्य बचावात क्वचितच उतरतो. त्याची उपयुक्तता ठरते ती 'स्पेशल टीम्स'मध्ये, म्हणजे लाथेने चेंडू दूर पाठवल्यावर पलीकडच्या चेंडूधारकावर धावून जाणाऱ्या तुकडीत. जोनाथन जोन्स हा ऑबर्न विद्यापीठातून आलेला, २०१६ साली कोणी न निवडलेला कॉर्नरबॅक. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघात तो आधी या तुकडीतील कामाने टिकला आणि मग बचावातील महत्त्वाचा खेळाडू झाला. ज्या कामासाठी नाव घेतले जात नाही ते काम करूनच आत राहता येते, ही यादीबाहेरच्याची पहिली अट आहे.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही क्रीडापत्रकाराने सांगितले असते. आम्हाला जो मुद्दा मांडायचा आहे तो याच्या पुढचा आहे. ड्राफ्टमध्ये निवड होणे म्हणजे गुणवत्तेचा दाखला मिळणे, असे आपण समजतो. आमच्या मते ती समजूत अपुरी आहे. निवड हा मुख्यतः चुका करण्याचा परवाना असतो.

याचे कारण पैशात आहे. पहिल्या फेरीतील खेळाडूला संघाने काही दशलक्ष डॉलरांची हमी दिलेली असते. तो पहिल्या वर्षी चुकला तर त्याला 'अजून शिकतो आहे' असे म्हणतात. दुसऱ्या वर्षी चुकला तर प्रशिक्षकाची पद्धत त्याला मानवली नाही असे म्हणतात. त्याला सोडणे म्हणजे निवडणाऱ्यांनी आपण फसलो असे कबूल करणे, आणि गुंतवलेल्या रकमेवर पाणी सोडणे. न निवडलेल्याच्या करारात हमीची रक्कम नाममात्र असते. २०१४ साली नवख्याचे किमान वार्षिक वेतन ४,२०,००० डॉलर होते. आकडा आपल्याला मोठा वाटेल. परंतु संघात टिकला तरच, आणि जितके आठवडे टिकला तितकेच, ते त्याच्या हाती पडणार. त्याला सोडल्याने कोणाचे काही बुडत नाही. म्हणून त्याची एक चूक पुरेशी होते. दोघांच्या पायांतील वेगात कदाचित सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याचा फरक असेल; त्यांच्या वाट्याला येणाऱ्या सबुरीत मात्र कित्येक पटींचा फरक असतो.

या दृष्टीने माल्कम बटलरची प्रसिद्ध कथा पुन्हा वाचायला हवी. मिसिसिपी राज्यातील विक्सबर्ग गावचा हा मुलगा. हाइंड्स कम्युनिटी कॉलेजच्या संघातून त्याला काढण्यात आले होते. त्या काळात त्याने गावातच पोपाइज या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात नोकरी केली. पुढे तो पुन्हा कॉलेजात आला आणि तेथून वेस्ट अलाबामा या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या विद्यापीठात गेला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये २५६ नावे पुकारली गेली, त्यांत त्याचे नाव नव्हते. ड्राफ्टनंतर लगेचचा करारही त्याच्या वाट्याला आला नाही. मे महिन्यात पेट्रियट्सने त्याला नवख्यांच्या छोट्या शिबिरात केवळ चाचणीसाठी बोलावले, आणि त्या चाचणीवरून त्याला करार मिळाला. त्या वर्षी संघाने बाहेरून आणलेला कॉर्नरबॅक ब्रँडन ब्राउनर याच्यावर हंगामाच्या पहिल्या चार सामन्यांची बंदी होती; म्हणजे सप्टेंबरपुरती तरी त्या जागेवर माणसाची वाण होती. बटलर ५३ मध्ये राहिला. नियमित हंगामात तो ११ सामन्यांत मैदानात उतरला, त्यांपैकी एकाच सामन्यात सुरुवातीपासून.

१ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, झाला. प्रतिस्पर्धी सिॲटल सीहॉक्स. उत्तरार्धात बटलरला मैदानात उतरवले गेले. सामना संपायला थोडा अवधी असताना पेट्रियट्स २८–२४ असे पुढे होते. सिॲटलच्या जर्मेन कर्सकडे लांब चेंडू आला. बटलरने त्याला हात लावून तो उडवलाही. पण खाली पडता पडता कर्सच्या पायाला, हाताला लागत तो चेंडू शेवटी त्याच्याच हातात विसावला. बटलरने काहीही चुकीचे केले नव्हते, आणि तरी तो हरला होता. त्यानंतर मार्शॉन लिंचने चेंडू घेऊन एका यार्डाच्या रेषेपर्यंत धाव घेतली. आता विजयाला एक यार्ड बाकी आणि घड्याळात २६ सेकंद.

सिॲटलने लिंचला चेंडू दिला नाही. उजव्या बाजूला कर्स पुढे आणि रिकार्डो लॉकेट मागे, असे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले. पुढच्याने वाट अडवायची आणि मागच्याने आत घुसून चेंडू झेलायचा, अशी ती योजना. ब्राउनरने कर्सला जागच्या जागी रोखून धरले. बटलर मागून निघाला आणि लॉकेट जेथे पोहोचणार होता तेथे त्याच्याआधी पोहोचला. रसेल विल्सनने फेकलेला चेंडू बटलरच्या हातात आला आणि सामना संपला.

हा काकतालीय न्याय होता का? कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढेच का? तसे म्हणता येत नाही, कारण बटलरने स्वतःच नंतर सांगितले आहे की सामन्यापूर्वीच्या सरावात हीच योजना त्याच्याविरुद्ध वापरली गेली होती आणि तेथे तो फसला होता. सरावातल्या प्रतिपक्षाने, म्हणजे शत्रूची सोंगे घेणाऱ्या त्या गटाने, त्याच्यावर मात केली होती आणि प्रशिक्षकांनी त्याला ती चूक समजावून दिली होती. आम्हाला या कथेतील सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो. यादीबाहेरच्या गड्याला एक चूक करू दिली गेली, ती त्याच्या नावावर न मांडता त्याला शिकवली गेली, आणि पुढच्या वेळी त्याच जागी त्याला उभे केले गेले. ड्राफ्टमधून आलेल्यांना जे आपसूक मिळते ते त्याला एकदा मिळाले. एवढ्यावर त्याने सुपर बोल जिंकून दिला.

त्या एका क्षणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. कर्स २०१२ साली यादीबाहेर राहिलेला. लॉकेट २०११ साली यादीबाहेर राहिलेला. ब्राउनर २००५ साली यादीबाहेर राहिलेला, आणि त्यानंतर कॅनडातील लीगमध्ये काही वर्षे खेळून परतलेला. चौथा बटलर. वर्षाच्या सर्वांत मोठ्या सामन्याचा निकाल ज्या चार-दोन पावलांच्या जागेत लागला, तेथे झटणारे चारही जण कोणीच न निवडलेले होते. पहिल्या फेरीत निवडला गेलेला लिंच चेंडूविना राहिला. आणि पुढचे कित्येक महिने चर्चा कशाची झाली? तर सिॲटलचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी लिंचला चेंडू का दिला नाही याची. एका नवख्याने अचूक वाचन केले, ही घटना मोठ्यांच्या घोडचुकीचे परिशिष्ट म्हणून सांगितली गेली. यादीबाहेरच्याचे यशसुद्धा पुष्कळदा यादीतल्यांच्या अपयशाच्या रूपानेच नोंदवले जाते.

याच कथेची दुसरी बाजू तेहतीस वर्षे आधीची आहे. एव्हर्सन वॉल्स हा ग्रॅम्ब्लिंग स्टेट विद्यापीठाचा कॉर्नरबॅक. पळण्याच्या चाचणीत तो मंद ठरला आणि १९८१ साली, ड्राफ्टच्या तेव्हा १२ फेऱ्या असूनही, कोणी त्याला निवडले नाही. डॅलस काउबॉइज संघात तो यादीबाहेरून आला आणि पहिल्याच हंगामात त्याने प्रतिपक्षाचे ११ चेंडू अडवून घेतले. त्या वर्षी लीगमध्ये तेवढे कोणालाच जमले नाही. १० जानेवारी १९८२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील सामन्यातही त्याने दोन चेंडू अडवले, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला एक ताब्यात घेतला. पण शेवटच्या मिनिटात जो मॉन्टानाने फेकलेला उंच चेंडू ड्वाइट क्लार्कने बोटांच्या टोकांवर झेलला आणि डॅलस २८–२७ असा हरला. त्या झेलाचे छायाचित्र अमेरिकेतील क्रीडाछायाचित्रणात अजरामर झाले. त्यात क्लार्क हवेत आहे आणि त्याच्याखाली, हात पुरे न पडलेला, वॉल्स आहे. पुढे १९८२ आणि १९८५ साली वॉल्स पुन्हा लीगमध्ये अव्वल ठरला; तरी सर्वसाधारण प्रेक्षकाच्या स्मरणात तो त्या चित्राचा तळ म्हणून राहिला. बटलरचा कर्सवरचा क्षण शेवटचा ठरला असता, तर त्याचेही तसेच झाले असते. दोघांच्या कौशल्यात फरक शोधण्यापेक्षा, एकाला पुढचा डाव मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, हा फरक लक्षात घ्यावा.

अशा कथा वाचताना मराठी वाचकाला कर्ण आठवणे साहजिक आहे. रंगभूमीवर पराक्रम दाखवायला आलेल्याला आधी कुळ विचारले गेले. येथे विद्यापीठ विचारले जाते. आम्हाला ही तुलना मोहक वाटते, पण ती पूर्णपणे लागू पडत नाही. कर्णाला दार बंद होते ते जन्मामुळे. ड्राफ्टचा नकार हा कौशल्याविषयीचा अंदाज असतो आणि दार किलकिले राहते. डिक लेन, म्हणजेच 'नाइट ट्रेन' लेन, हा विमानाच्या कारखान्यात काम करणारा, सैन्यातून परतलेला तरुण १९५२ साली काखेत कात्रणांची वही घेऊन लॉस एंजेलिस रॅम्सच्या कचेरीत गेला आणि चाचणी मागितली. ३० फेऱ्यांच्या ड्राफ्टलाही जो दिसला नव्हता, त्याने त्या वर्षी १२ सामन्यांच्या हंगामात १४ चेंडू अडवले. आज हंगाम १७ सामन्यांचा आहे आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. विली ब्राउनला १९६३ साली ह्यूस्टनच्या शिबिरातून काढून टाकले गेले. तो डेन्व्हरला गेला आणि पुढे ओकलंडकडून खेळून खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये पोहोचला. हे दार किलकिले नसते तर ही नावे आपल्याला कळली नसती, हे मान्य करायलाच हवे.

पण नेमक्या याच जागी आमचा आक्षेप आहे. किलकिल्या दाराचा पुरावा म्हणून लेन, ब्राउन, वॉल्स, बटलर यांच्या कथा सांगितल्या जातात, आणि त्या कथांचा सूर 'इच्छा तेथे मार्ग' असा लावला जातो. ज्याने कष्ट केले तो आत गेला. म्हणजे जो आत गेला नाही त्याचे कष्ट कमी पडले, असा उलटा निष्कर्ष त्यातून न सांगता निघतो. हा निष्कर्ष तर्काने चुकीचा आहेच, पण क्रूरही आहे. ऑगस्टच्या त्या दिवशी घरी गेलेल्या ११८४ जणांतही पहाटे उठून धावणारे होते. कोणाच्या मांडीचा स्नायू चुकीच्या आठवड्यात दुखावला असेल. कोणाच्या संघात त्या जागेवर आधीच चार जण असतील. कोणाला सरावात फसल्यावर दुसरी वेळ मिळाली नसेल. त्यांच्या कथा नसतात, कारण कथेला शेवट लागतो आणि त्यांचे शेवट सांगण्यासारखे मानले जात नाहीत. अपवादाची गोष्ट सांगावी. तिच्या आधारे नियमाला निर्दोष ठरवू नये.

आणि जो आत गेला तोही कायमचा आत जात नाही. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी पेट्रियट्स पुन्हा सुपर बोल खेळत होते. हंगामभर जवळपास प्रत्येक डावात खेळलेला बटलर त्या दिवशी बचावात एकदाही उतरवला गेला नाही. संघाच्या हिताचे वाटले ते केले, यापलीकडे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी फारसे स्पष्टीकरण दिले नाही. पेट्रियट्स ३३–४१ असे हरले. त्यानंतर बटलरला टेनेसी टायटन्सकडून मोठा करार मिळाला, त्यामुळे त्याच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. मात्र दंतकथा झालेल्या माणसालाही बाकावर बसवता येते, एवढे त्यावरून कळते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. संघांकडे वेळ आणि पैसा मर्यादित आहे. ज्याच्यावर अधिक विश्वास त्याला अधिक सबुरी, यात गैर काय? आम्ही हे अमान्य करत नाही. सर्वांना सारखी सबुरी देणे कोणत्याच व्यवस्थेला परवडत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की सबुरीच्या वाटपातील फरकाला गुणवत्तेतील फरक म्हणू नये. पहिल्या फेरीतला खेळाडू चौथ्या वर्षी चमकला तर निवड बरोबर होती असे आपण म्हणतो. त्याला चार वर्षे मिळाली होती, हे विसरतो. निवड स्वतःला खरे ठरवण्याची साधने स्वतःच पुरवत असते.

हे फुटबॉलपुरते असते तर साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन नव्हते. नावारूपास आलेल्या लेखकाचे फसलेले पुस्तक 'प्रयोग' म्हणून वाचले जाते, त्यावर चर्चासत्रे होतात, फसण्याचीही मीमांसा होते. अनोळखी लेखकाच्या पहिल्या संग्रहातील एक सैल ओळ समीक्षकाला पुस्तक मिटायला पुरते. एकेकाळी नियतकालिकांच्या कचेरीतून येणारे 'साभार परत' निदान दोन शब्दांचे तरी असायचे. कधी संपादक चार ओळी जादा लिहून काय जमले नाही ते सांगत. आज उत्तरच येत नाही. वर्गातही हे घडते. हुशार म्हणून नाव झालेल्या विद्यार्थ्याचे गोंधळलेले उत्तर शिक्षकाला खोल वाटते, आणि मागच्या बाकावरून आलेले तसेच उत्तर अज्ञान ठरते. उत्तर तेच असते. ऐकणाऱ्याची सबुरी वेगळी असते.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. दरवर्षी एम.ए.च्या वर्गात अशी मुले येतात ज्यांचे नाव आजवर कोणत्याही गुणवत्ता यादीत आलेले नसते. त्यांना बटलरची गोष्ट सांगून 'तुम्हीही करू शकाल' असे म्हणणे सोपे आहे आणि ते थोडे अप्रामाणिकही आहे, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना ते करता येणार नाही आणि दोष त्यांचा नसेल. गोष्ट सांगायचीच असेल तर ती सरावातल्या त्या फसलेल्या डावापासून सांगावी, आणि ती विद्यार्थ्यांपेक्षा अध्यापकांना, संपादकांना, समीक्षकांना, निवड समित्यांवर बसणाऱ्यांना सांगावी. यादी करणे टळत नाही. कोणीतरी वगळले जाणारच. परंतु जो वगळला गेला आणि तरीही दाराशी येऊन उभा राहिला, त्याला निदान एक चूक माफ असावी, आणि ती कोठे झाली हे सांगण्याइतका वेळ कोणाकडे तरी असावा. दार उघडे असल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला, फुटबॉलच्या संघापासून विद्यापीठाच्या विभागापर्यंत, हाच एक प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते: तुमच्याकडे यादीबाहेरच्याला किती वेळा चुकता येते?